मानसपूजा : कल्पनेला सेवेचे वळण

(वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



प्रार्थना म्हणजे देवापुढे ठेवलेली मागण्यांची यादी, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. मुलाची नोकरी, मुलीचे लग्न, घरातले दुखणे! त्यात गैर काही नाही. संकटात देवाला हाक मारायची नाही, तर कोणाला मारायची? परंतु मागणाराच आतून बदलावा, यासाठी आपल्या परंपरेने आणखी एक वाट दाखविली आहे. ती म्हणजे मानसपूजा.

मानसपूजेत समोर मूर्ती नसते, फुलेही नसतात. डोळे मिटून आवाहनापासून नैवेद्यापर्यंतचे सारे उपचार क्रमाने मनातच करावयाचे. आसन मांडायचे, पाय धुवायचे, गंध उगाळायचे. एरवी मोकाट फिरणाऱ्या कल्पनाशक्तीला येथे सेवेचे काम लागते.

इ. स. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पंधराव्या अध्यायारंभी ज्ञानदेव स्वतःच्या हृदयाचे आसन करून त्यावर श्रीगुरूंची पाउले स्थापतात. तेराव्या अध्यायात गुरुसेवेचे वर्णन करताना तर त्यांच्या कल्पनेला बहर येतो. शिष्याला वाटते, गुरूंच्या पादुका मीच व्हावे. देह पडल्यावर त्याची माती गुरूंचे चरण टेकतील त्या भूमीत मिसळावी. ‘मला काय मिळेल’ हा प्रश्न येथे उरतच नाही. ‘मी काय होईन’ एवढाच ध्यास उरतो.

हा भेद महत्त्वाचा आहे. लिएन फाम आणि शेली टेलर या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये विद्यार्थ्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी परीक्षेत उत्तम गुण मिळाल्याचे चित्र रोज मनात पाहिले. काहींनी आपण अभ्यासाला बसलो आहोत, हे चित्र पाहिले. अभ्यासात आणि गुणांतही दुसरे सरस ठरले. कर्मावर दृष्टी ठेवा, फळावर नको, ही गीतेची शिकवण येथे सहज आठवते.

आता आपल्या घरात येऊ. वृद्ध वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. तेच ते विचारतात, आपला आवाज चढतो, रात्री मनाला बोचणी लागते. ‘उद्या चिडणार नाही’ हा संकल्प सकाळपर्यंतही टिकत नाही. अशा वेळी सांजवात झाल्यावर पाच मिनिटे शांत बसावे. मनानेच त्यांच्या खोलीत जावे. उशी सारखी करावी, पाण्याचा पेला हाती द्यावा. पाचव्यांदा आलेल्या प्रश्नाला पहिल्यांदा आल्यासारखे उत्तर द्यावे. देवाकडे मागायचे ते एवढ्यासाठी बळ.

हे एका दिवसात साधणार नाही. आवाज पुन्हा चढेल, पुन्हा बसावे लागेल. मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. मनात केलेली सेवा त्याच दिवशी हातांनी करावी. नाहीतर ती नुसती करमणूक ठरते. देवघरातून उठल्यावर पाऊल त्या खोलीकडे वळले, तर आपली पूजा पोहोचली असे खुशाल समजावे.