मेंडोलिनची नखी

श्रोतेहो, वाद्य विकत घेताना माणूस दहा दुकाने पालथी घालतो, लाकूड वाजवून पाहतो, जाणत्याला बरोबर नेतो. नखीचा मात्र तो मुळीच विचार करीत नाही. दुकानदार वाद्याबरोबर दोन नख्या फुकट देतो, आणि फुकट मिळालेल्या वस्तूची निवड करीत कोण बसतो? तथापि मेंडोलिनचा नाद तारेइतकाच, किंबहुना तारेहून काकणभर अधिक, या नखाएवढ्या तुकड्यावर अवलंबून असतो. मी कोणी मोठी वादक नव्हे. सुरतेत मराठी शाळेत शिकवणारी एक शिक्षिका आहे. वसईस वडिलांच्या हाताखाली जे थोडेबहुत शिकले, ते जपून ठेवले आहे, इतकेच.

प्रथम नावाविषयी. सतारीची नखी तारेची असते आणि ती तर्जनीवर चढवावयाची असते. सरोदियाचा जवा नारळाच्या करवंटीचा. मेंडोलिनची नखी या दुसऱ्या जातीची, चिमटीत धरावयाची. कोणी तिला स्ट्रायकर म्हणतात, कोणी प्लेक्ट्रम, आणि हल्लीची मुले पिक म्हणतात. मी आपली नखीच म्हणेन, कारण माझे वडील तसे म्हणत.

आता या वाद्याला नखी एवढी नडते का, ते पाहू. मेंडोलिनला आठ तारा, पण त्या चार जोड्यांनी. स्वर व्हायोलिनचेच, जोडीजोडीत पंचमाचे अंतर. व्हायोलिनला गज आहे, त्यामुळे स्वर हवा तितका लांबविता येतो. मेंडोलिनची तार आखूड आणि ताणलेली, तिचा स्वर उमटताच विरू लागतो. म्हणून इटलीतील नेपल्सच्या वादकांनी नखी वरखाली इतक्या जलद फिरविण्याची रीत रूढ केली की, अनेक आघातांचा मिळून एकच अखंड स्वर भासावा. या थरथरीत मेंडोलिनचा प्राण आहे. हिंदी चित्रपटगीतांतून तुम्ही ती शेकडो वेळा ऐकली असेल. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर (१९३७–१९९८) हे संगीतकार होण्यापूर्वी मेंडोलिनवादक होते. संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) यांनी तर याच वाद्यावर रागदारी आणि मींड आणून दाखविली. दक्षिणेतील यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी जोडतारा काढून पाच एकेरी तारांचे विजेचे मेंडोलिन कर्नाटक संगीतात प्रतिष्ठित केले. एकेरी तारेवर नखीचे काम निराळे होते. आपल्याला मात्र एका फटक्यात दोन तारा, त्याही जणू एकच आहेत अशा, वाजवावयाच्या असतात. पातळ नखी येथेच दगा देते. पहिल्या तारेला लागताच ती वाकते, सरळ होईतो दुसऱ्या तारेला उशीर होतो, आणि स्वराऐवजी चटचट ऐकू येते.

ही चटचट माझ्या कानी पडली ती एका मुलाच्या हातून. आठवीतला मुलगा, मूळचे खानदेशातले कुटुंब, वडील यंत्रमागावर कामाला. शेजारच्या कोणा वादकाने आपले जुने मेंडोलिन त्याला शिकण्यापुरते दिले होते. वर्षभराने तो मजकडे आला तो ते परत करण्याच्या बेताने. "बाई, माझा हात जड आहे म्हणतात. मला नाही यायचे हे." मी म्हटले, वाजवून तर दाखव. डावा हात स्वच्छ होता, बोटे नेमकी पडत होती. उजव्या हातात मात्र गिटारची पातळ नखी, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडीची. तिच्यातून आवाज निघेना म्हणून पोरगा जोर लावी, जोराने ती अधिक वाके, आणि ऐकणाऱ्याला वाटे की हात जड आहे.

मी त्याला एक परीक्षा सांगितली, ती तुम्हीही करून पाहा. डाव्या तळव्याने सर्व तारा दाबून मुक्या करा आणि नखी मारा. आता जो आवाज येईल तो तारेचा नव्हे, नखीचा. तो जितका कमी, तितकी नखी चांगली. त्याच्या नखीचा आवाज ओल्या पंख्याच्या पात्यावर कागद घासावा तसा येत होता.

मग मी कपाटातून रोझरीची डबी काढली. तिच्यात वडिलांची नखी असते. तपकिरी, मधाच्या रंगाच्या ढगांची, कडा झिजून गुळगुळीत झालेली. ती अस्सल कासवाच्या कवचाची असून मुंबई बंदरात उतरलेल्या एका जहाजावरील वादकाने ती त्यांना दिली, असे ते सांगत. वसईतल्या किती लग्नांत आणि किती नाताळांत त्यांनी ती वाजविली, त्याची गणती नाही. २००९ साली ते गेल्यावर भावाने मेंडोलिन ठेवून घेतले आणि मी नखी मागून घेतली. ती मुलाच्या हाती दिली आणि म्हटले, जोर करू नकोस, फक्त फिरव. श्रोतेहो, खोलीत वाद्य बदलल्यासारखे झाले. मुलगा वाजविता वाजविता थांबला आणि उजव्या हाताकडे पाहू लागला.

पण ही नखी देऊन टाकणे माझ्याने झाले नसते, आणि तशी दुसरी मिळणेही शक्य नव्हते. हॉक्सबिल कासवाच्या कवचासारखी वस्तू नखीसाठी दुसरी नाही, असे जुने वादक म्हणत, आणि त्या आवडीपायी ते प्राणी संपू लागले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आता त्यांच्यावर आहे आणि त्या कवचाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही निषिद्ध आहे. ते योग्यच झाले. तेव्हा आम्ही पर्याय शोधू लागलो.

मुलाने पहिली नखी बँकेच्या बाद झालेल्या कार्डातून कापली. हे कार्ड सर्वत्र सारखेच, ०.७६ मिलिमीटर जाड. गिटारला ठीक, मेंडोलिनला अपुरे. मग त्याने दोन तुकडे एकमेकांस चिकटविले. जाडी दीड मिलिमीटर झाली, नादही भरला, पण सुरतेच्या पावसाळ्यातील घामाने सांधा आठवड्यात सुटला. नंतर सरोदच्या जव्यावरून सुचून आम्ही करवंटी घासली. खर्जाच्या जोडीवर तिचा स्वर असा गोल निघाला की मला हेवा वाटला, पण वरच्या बारीक जोडीवर नुसती टकटक. शेवटी मुंबईहून १.४ मिलिमीटर जाडीची तिकोनी नखी मागविली, तिन्ही कोपरे गोलसर. मेंडोलिनसाठी एक ते दीड मिलिमीटर हीच बहुतेकांची जाडी, आणि टोकदार कोपऱ्यापेक्षा गोल कोपरा अधिक मधुर, असा माझा अनुभव आहे. नायलॉनची नखी दमट हवेत किंचित मऊ पडते, म्हणून आमच्याकडे मी ती सुचवीत नाही. दुधातील केसीनपासून केलेली नखी उत्तम असते, पण तिची किंमत शाळकरी मुलाला सांगण्यासारखी नाही. नवी नखी कोणतीही असो, तिची कड बारीक पॉलिश कागदावर, नंतर जाड्याभरड्या कापडावर घासून घ्यावी. कडेवर खरबरीतपणा राहिला तर तो तारेवर खरखर करतो.

नवी नखी येईपर्यंत वडिलांची नखी मुलाकडेच होती. ती परत करावयास तो आला तो खाली मान घालून. फरशीवर पडून तिचा एक कोपरा टवका उडून गेला होता. आठवडाभर त्याने मला सांगितले नव्हते. त्याचा मामा वराछाला हिऱ्याच्या कारखान्यात पैलू पाडतो, त्याच्याकडे तो ती घेऊन गेला होता. मामाने ती घंटीवर, म्हणजे हिरे घासण्याच्या फिरत्या चाकावर, धरण्यास साफ नकार दिला आणि हातानेच घासून कोपरा गोल करून दिला. मी रागावले नाही असे म्हणणार नाही. रागावले. तेव्हा मुलगा हळूच म्हणाला, "बाई, मामा विचारत होता, कासवाला कापराचा वास कसा येतो?"

मी नखी अंगठ्याने जोराने चोळली आणि हुंगली. कापूर. स्पष्ट कापूर.

सेल्युलॉइड हा पदार्थ कापूर घालूनच तयार होतो, आणि तो चोळला की वास देतो. तो पेटही चटकन घेतो, म्हणून घंटी नाकारणाऱ्या मामाचे शहाणपण मला उशिरा कळले. १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये लुइजी द'आंद्रेआ यांनी सेल्युलॉइडच्या नख्या काढण्यास आरंभ केला. त्यानंतर कासवाच्या रंगाच्या अशा नख्या जगभर ढिगांनी खपल्या. त्यांतलीच एक, काही आण्यांची, माझ्या वडिलांच्या हाती पडली असावी. जहाजावरील वादकाने त्यांना फसविले, की त्यालाही ठाऊक नव्हते, की वडिलांनीच ती गोष्ट रचली, हे आता कोणास विचारू?

त्या रात्री मी ती वाजवून पाहिली. नाद तोच होता. घासलेला कोपरा तर बाकीच्या दोहोंपेक्षा सरस निघाला. हल्ली मी त्यानेच वाजविते. मुलाने मेंडोलिन परत केले नाही. त्याची थरथर आता सलग येते, फक्त खालून वर येताना फटका किंचित हलका पडतो, त्यावर आमचे काम चालू आहे.

वसईस भावाला फोन करून मी कापराची हकिकत सांगितली. तो काही केल्या मानावयास तयार नाही. म्हणतो, तुझ्या कपाटात कापराच्या वड्या असतील, त्यांचा वास लागला असेल.