संक्रांतीच्या रात्रीचा दिवा

(1995 च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात 12 जानेवारी 2025 रोजी केलेले भाषण)



माझी ओळख करून देताना ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ म्हटलं तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या आणि ‘विषय : उडत्या तबकड्यांचा तपास’ म्हटल्यावर मागच्या बाकांवरून हशा आला. तो हशा माझ्या ओळखीचा आहे. बत्तीस वर्षांपूर्वी आठवी ‘ब’मध्ये असाच हशा झाला होता आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

1993 सालची संक्रांत. तारीख 14 जानेवारी, गुरुवार. आपल्यातला एक मित्र शेजारच्या गावात आत्याकडे तिळगूळ द्यायला गेला होता. जेवण करून तो साडेआठच्या सुमाराला सायकलवर एकटा परत निघाला. दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यावर दिवा नाही. त्याला उसाच्या तुऱ्यांवर एक मोठा पांढरा दिवा दिसला. तो सायकल चालवायला लागला की दिवा बरोबर चालायचा. तो थांबला की दिवाही थांबायचा. घराजवळ येईपर्यंत त्याचा रंग तांबडा झाला, मध्येच हिरवा झाला आणि मग तो टेकडीमागे उतरला. हा मुलगा सायकल टाकून घरात पळाला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याने हे आम्हाला सांगितलं. पुढचं तुम्हाला आठवतंय. त्याचं नाव ‘तबकडी’ पडलं आणि दहावीच्या निरोप समारंभापर्यंत ते टिकलं. वर्गाच्या हस्तलिखितात तबकडीच्या मागे सायकल दामटणाऱ्या मुलाचं चित्र होतं. खाली नाव नव्हतं, पण ते मी काढलं होतं. त्यानंतर त्या मुलाने वर्गात आपण होऊन हात वर केल्याचं मला आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीने व्हिडिओ टाकला. आकाशात दिव्यांची सरळ माळ चाललेली आणि खाली प्रश्न, ‘हे काय आहे?’ मी गेली काही वर्षं हौशी आकाशदर्शन करते, म्हणून उत्तर दिलं. ते स्टारलिंकचे उपग्रह होते. मे 2019 मध्ये असे पहिले 60 उपग्रह एकदम सोडले, तेव्हा युरोपातही लोक घाबरले होते. सोडल्यानंतरचे काही दिवस ते एकामागोमाग एक चालतात आणि सूर्याचा प्रकाश पडून चमकतात. ग्रुपवर अंगठे आले, विषय संपला. रात्री अकराला मात्र मला वेगळा मेसेज आला : ‘मलाही एकदा दिसलं होतं. तुला आठवतं का?’

मला आठवत होतं. तीन दशकं ग्रुपवर आणि ग्रुपबाहेर गप्प असलेल्या माणसाने ते अजून मनात ठेवलं होतं. मग मी ठरवलं की या गोष्टीचा नीट तपास करायचा.

असा तपास जगात कसा झाला, ते थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या हवाई दलाने 1952 ते 1969 या काळात ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ नावाने आलेल्या तक्रारी गोळा केल्या. एकूण 12,618 नोंदी झाल्या. बहुतेकांचा उलगडा झाला : ग्रह, तारे, उल्का, विमानं, फुगे. 701 नोंदी ‘ओळख पटली नाही’ या खान्यात राहिल्या. त्यांचे सल्लागार ॲलन हायनेक हे खगोलशास्त्राचे प्राध्यापक. सुरुवातीला लोकांच्या गोष्टी झटकून टाकण्याकडेच त्यांचा कल होता. पुढे मात्र तेच म्हणू लागले की साक्षीदारांना नीट विचारलंच जात नाही. फ्रान्समध्ये तिथल्या अंतराळ संस्थेचा एक छोटा विभाग 1977 पासून हे काम करतो. तिथे प्रत्येक प्रकरण चारांपैकी एका गटात बसवतात. ‘ए’ म्हणजे नक्की कळलं, ‘बी’ म्हणजे बहुधा कळलं, ‘सी’ म्हणजे माहिती अपुरी आणि ‘डी’ म्हणजे माहिती पुरेशी असूनही उलगडा नाही. मला ही पद्धत फार आवडते. ‘कळलं नाही’ याचा अर्थ लगेच ‘परग्रहावरून आलं’ असा होत नाही, आणि ‘सांगणारा खोटं बोलतो’ असाही होत नाही.

माझ्या नोकरीतलं अर्धं काम हेच आहे. ग्राहकाचा फोन येतो, ‘तुमचं सॉफ्टवेअर शुक्रवारी आपोआप बंद पडतं.’ नवीन मुलं हसतात, म्हणतात, ‘मॅडम, असं होऊच शकत नाही.’ मी सांगते, त्याला काहीतरी दिसलंय हे आधी धरून चाला. कारण त्याने दिलेलं कारण चुकीचं असेल, पण दिसलेली गोष्ट बहुतेक वेळा खरी असते. नक्की किती वाजता, कोणत्या स्क्रीनवर, आधी काय केलं होतं, हे विचारा.

म्हणून मी आपल्या मित्राला फोन केला आणि माझा अंदाज न सांगता फक्त प्रश्न विचारले. हे महत्त्वाचं असतं, कारण आपण उत्तर आधी सुचवलं की आठवण त्याच्याकडे झुकते. ‘दिशा कोणती?’ असं विचारलं तर बत्तीस वर्षांनी कुणाला सांगता येणार? मी विचारलं, ‘कारखान्याची चिमणी कुठल्या हाताला होती?’ तो म्हणाला, उजव्या, आणि दिवा समोर, किंचित डावीकडे. ‘किती उंच?’ हात लांब करून मूठ धरली तर रस्त्याच्या टोकापासून एक मूठभर वर. लांब केलेल्या हाताची मूठ म्हणजे साधारण दहा अंश. ‘चंद्र होता?’ नव्हता. ‘आवाज?’ घरघर होती, पण गळीत हंगामात कारखान्याची घरघर रोजच असायची, हे त्याने स्वतःच सांगितलं.

मग मी संगणकावर ‘स्टेलॅरियम’ उघडलं. हे मोफत मिळतं आणि कुठल्याही दिवसाचं, कुठल्याही गावाचं आकाश दाखवतं. आपलं गाव, 14 जानेवारी 1993, रात्रीचे नऊ. पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण दहा अंशांवर शुक्र होता. त्या आठवड्यात तो सूर्यापासून जवळजवळ जास्तीत जास्त लांब होता आणि रात्री साडेनऊनंतर मावळणार होता. चंद्र रात्री उशिरा उगवणार होता.

बाकीचं त्यावरून जुळतं. दूरची वस्तू आपल्याबरोबर चालते, हे आपण लहानपणी गाडीतून चंद्राकडे बघताना अनुभवलंय. जवळचा ऊस मागे सरकतो, लांबचा प्रकाश सरकत नाही, म्हणून तो आपल्यासोबत येतोय असं वाटतं. क्षितिजाजवळ प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, त्यामुळे तो लुकलुकतो आणि तांबडा-हिरवा दिसतो. काळोखात एकच ठिपका एकटक पाहिला तर तो हलल्याचाही भास होतो, कारण शेजारी मोजायला दुसरं काही नसतं.

आता कुणी म्हणेल, ‘म्हणजे शुक्राला घाबरला!’ त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. 2012 च्या ऑगस्टपासून 2013 च्या फेब्रुवारीपर्यंत लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांना सरोवरावर अनोळखी दिवे दिसत होते. चिनी ड्रोन असावेत असा संशय होता. 329 नोंदी झाल्या. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या खगोलशास्त्रज्ञांना विचारलं. त्या दोन वस्तू गुरू आणि शुक्र निघाल्या. जवानांनी वेळ आणि दिशा लिहून ठेवली होती म्हणूनच उत्तर मिळालं. सीमेवरच्या प्रशिक्षित माणसांना जे चकवतं, ते तेरा वर्षांच्या मुलाला चकवणारच.

आणि कधी कधी खरंच काहीतरी पडतं. 2022 च्या गुढीपाडव्याला, 2 एप्रिलच्या संध्याकाळी, विदर्भात असंख्य लोकांनी आकाशातून जळत जाणारे गोळे पाहिले. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी सापडली. उल्का बहुधा काही सेकंदांत विझते. हे प्रकाश मात्र सावकाश, जवळजवळ आडवे, तुकडे होत गेले. परत येणाऱ्या रॉकेटची चाल अशीच असते. कक्षांच्या नोंदी ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते तो फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या चिनी ‘चांग झेंग 3बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. त्या संध्याकाळी मोबाइल वर करणाऱ्या लोकांना ‘काहीही बघता’ म्हणून गप्प बसवलं असतं, तर ते कुठून कसं गेलं हे सांगायला एवढे व्हिडिओ मिळाले नसते.

2023 मध्ये नासाच्या अभ्यासगटाचा अहवाल आला. त्यातही हेच आहे की लोक हसतील या भीतीने वैमानिकसुद्धा दिसलेलं सांगत नाहीत, आणि त्यामुळे माहितीच गोळा होत नाही. हे वाचताना मला ते हस्तलिखित आठवलं.

आपल्या मित्राचं प्रकरण मी ‘बी’ गटात टाकते. ‘ए’ का नाही? कारण तो एक गोष्ट अजून ठामपणे सांगतो, की टेकडीमागे जाण्याआधी क्षणभर दिव्याचे दोन दिवे झाले. याचं उत्तर मला सापडलेलं नाही. डोळ्यांत पाणी आलं असेल, असं मी म्हटलं. तो म्हणाला, ‘नव्हतं.’ त्याचं वाक्य मी माझ्या वहीत तसंच लिहून ठेवलंय.

त्याची परवानगी घेऊन मी हे सगळं सांगितलं. तो इथे बसलाय. नाव घेऊ नकोस म्हणाला, पण तुम्हाला सगळ्यांना माहीत आहेच. मित्रा, तुला खरंच दिवा दिसला होता. तू दिशा, वेळ, रंग सगळं बरोबर सांगितलं होतंस. आम्ही कुणी त्या रात्री मैदानात जाऊन पश्चिमेकडे पाहिलं असतं, तरी आम्हाला तो दिसला असता. ते न करता मी चित्र काढलं. बत्तीस वर्षं उशीर झालाय, पण मी तुझी माफी मागते.

सर, बाई, तुम्ही आम्हाला शिकवलेल्या एका गोष्टीवर थांबते. शुक्राच्या सूर्याभोवतीच्या तेरा फेऱ्या होतात तेव्हा आपली आठ वर्षं होतात, म्हणून दर आठ वर्षांनी तो त्याच दिवसांत आकाशात जवळपास त्याच जागी येतो. बत्तीस म्हणजे आठ चोक. आज सव्वासहाच्या सुमाराला सूर्य मावळेल. उद्या पौर्णिमा आहे, म्हणून पूर्वेला मोठा चंद्र असेल. तिकडे पाठ करायची आणि चहाचे कप घेऊन सगळ्यांनी मैदानात पश्चिमेकडे तोंड करून उभं राहायचं. दिवा कुठे शोधायचा, ते आज तो दाखवेल.

संक्रांत परवा आहे, पण तिळगूळ मी आजच आणलाय. पहिला त्याला देणार आहे.