विकतची जागा आणि कमावलेली जागा



आजचा विषय व्यापाराचा आहे, पण तो एकट्या व्यापाऱ्यांचा नाही. ताडोबाच्या मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वाराजवळ ज्याने घरच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत, त्याच्या पोटाशी तो येऊन भिडला आहे. पुण्यामुंबईचा प्रवासी आता घरी बसूनच गूगलला विचारतो आणि बहुधा पहिल्या चारपाच उत्तरांतून मुक्काम ठरवतो. त्या चारपाचांत आपले नाव कसे यावे?

वाटा दोन आहेत. पहिली विकतची. गूगलने २००० साली ही सोय सुरू केली. येथे जागेचा लिलाव होतो. तेंदूपानांचा लिलाव आपल्या जिल्ह्यांना नवा नाही. परंतु तो हंगामातून होतो, आणि हा प्रत्येक प्रश्नागणिक, क्षणार्धात. शिवाय ज्याची बोली मोठी तोच जिंकतो असेही नाही; जाहिरात विचारलेल्या प्रश्नाशी कितपत जुळते, तेही पाहिले जाते. पैसे बहुधा कोणी त्या दुव्यावर बोट ठेवले म्हणजे द्यावे लागतात. अशा उत्तरावर ‘प्रायोजित’ अशी खूण असते. खूण वर दिसली म्हणून ते संकेतस्थळ सरकारी ठरत नाही, हे सफारीचे आरक्षण करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

दुसरी वाट कमावण्याची. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गूगल कंपनी स्थापली, ती एका साध्या विचारावर : ज्या पानाकडे इतर चांगली पाने बोट दाखवतात, ते पान वजनदार. आज कसोट्या पुष्कळ वाढल्या आहेत, पण ही जागा पैसे भरून मिळत नाही. त्यासाठी आपले पान नीट लिहावे लागते. प्रवेशद्वार किती अंतरावर, जेवण कोणते, पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असताना काय पाहता येईल, हे स्पष्ट सांगावे. मराठीत सांगावे, हिंदी-इंग्रजीतही सांगावे. पान मोबाईलवर चटकन उघडावे. नकाशावरची नोंद विनामूल्य असते, ती अचूक ठेवावी. याला महिने लागतात.

आता हिशेब करू. समजा, एका भेटीला २० रुपये पडले आणि ५० भेटींमागे एक पाहुणा आला. म्हणजे एका पाहुण्यामागे १,००० रुपये गेले. खोलीचे २,००० येत असतील, तर निम्मे तेथेच संपले. आणि पैसे थांबले की त्याच दिवशी नावही दिसेनासे होते.

मग जाहिरात वाईट काय? आमचे म्हणणे तसे नाही. नव्या घराला महिनोन्महिने वाट पाहणे परवडत नाही. त्याने हंगामापुरती जाहिरात जरूर करावी. मात्र ‘ताडोबा’ या एका शब्दासाठी मोठ्या हॉटेलांशी बोली लढवू नये. ‘मोहर्लीत घरगुती मुक्काम’ असे नेमके शब्द धरावेत. तेथे गर्दी कमी, आणि येणारा खरा गरजू.

गडचिरोलीकडे पाहा. मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ साली आपला बांबू आपण विकण्याचा अधिकार त्याने प्रत्यक्षात आणला. त्याच्या कामाविषयी इतरांनी लिहिले, म्हणून ते नाव शोधणाऱ्याला सापडते. पण बांबूचा ग्राहक नुसते ‘बांबू’ असे शोधील, तेव्हा त्याला ग्रामसभा सापडेल की मधला दलाल? वनाचा हक्क मिळाला, तरी ग्राहकापर्यंतची वाट दुसऱ्याच्या हाती राहिली, तर नफ्याचा वाटाही तिकडेच जाईल.

म्हणून आम्ही सुचवतो : जाहिरात हंगामापुरती असावी, पान बारमाही असावे. आणि त्या पानावर लिहिलेले सगळे पाहुण्याला दारात आल्यावर खरे आढळावे; नाहीतर दोन्ही वाटांचा खर्च फुकट जाईल.