पक्षकाराचे गुपित आणि वकिलाचा संगणक

पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने न्यायालयातदेखील उघड करू नये, हा वकिली व्यवसायाचा जुना दंडक आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १२६ ने त्याला कायद्याचा आधार दिला होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने तो कायम ठेवला आहे. पक्षकाराची स्पष्ट संमती असल्याखेरीज त्याचे बोलणे, त्याची कागदपत्रे आणि त्याला दिलेला सल्ला वकिलाला उघड करता येत नाही, व वकीलपत्र संपले तरी हे बंधन संपत नाही. बेकायदा हेतू साधण्यासाठी केलेल्या बोलण्याला, किंवा काम स्वीकारल्यानंतर घडलेल्या आणि कामाच्या ओघात वकिलाच्या नजरेस आलेल्या गुन्ह्याला वा फसवणुकीला, मात्र हे संरक्षण नाही. हा हक्क मुळात पक्षकाराचा असून वकील त्याचा राखणदार आहे. त्यामुळे वकिलाच्या हलगर्जीपणाची किंमत पक्षकारालाच मोजावी लागते.

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात ही राखण अधिक अवघड होते. भामरागड किंवा एटापल्लीकडील माडिया बोलणाऱ्या पक्षकाराला मराठी आरोपपत्र दुसऱ्याने समजावून सांगावे लागते, सत्र न्यायालय दूर आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपूरला असते, म्हणून कागद मोबाइलवरून जातात. कलम १३२ चे बंधन दुभाष्याला आणि वकिलाच्या कारकुनालाही लागू आहे. परंतु तालुक्याच्या ज्या झेरॉक्स सेंटरमध्ये आरोपपत्र स्कॅन होते आणि ज्याच्या फोनवरून ते व्हॉट्सॲपने वकिलाकडे जाते, त्या दुकानदाराचा या कलमात उल्लेख नाही. संदेश वाटेत कूटबद्ध, म्हणजे मधल्या कोणालाही वाचता न येणाऱ्या रूपात, असला तरी एक प्रत दुकानातील संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये आणि दुसरी त्या फोनमध्ये राहूनच जाते. त्या प्रतीत साक्षीदारांची व गावांची नावे असतात, आणि पोलिसांचा खबरी असल्याच्या संशयावरून नक्षलवाद्यांनी गावकऱ्यांच्या हत्या केल्याच्या घटना ज्या जिल्ह्यात घडल्या आहेत, तेथे एखादे नाव बाहेर फुटणे जिवावर बेतू शकते.

धोका केवळ निष्काळजीपणाचा नाही. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांनी गडचिरोलीतील अनेक आदिवासी आरोपींची, तसेच माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप असलेले प्रा. जी. एन. साईबाबा यांची बाजू गडचिरोलीच्या न्यायालयात मांडली होती. गडलिंग यांना भीमा कोरेगाव हिंसाचार प्रकरणात पुणे पोलिसांनी ६ जून २०१८ रोजी अटक केली. बचाव पक्षाच्या विनंतीवरून त्यांच्या संगणकाच्या प्रतीची तपासणी करणाऱ्या आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये असा निष्कर्ष काढला की, फेब्रुवारी २०१६ पासून वीस महिन्यांहून अधिक काळ त्या संगणकात नेटवायर ही दुरून ताबा मिळवून देणारी घुसखोर प्रणाली होती आणि तिच्याद्वारे काही दस्तऐवज त्यात बाहेरून ठेवले गेले. तपास यंत्रणेने हा निष्कर्ष मान्य केलेला नाही आणि त्याची ग्राह्यता ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. मात्र साईबाबा खटल्याचा ७ मार्च २०१७ चा शिक्षेचा निकाल याच कालावधीत लागला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे, निष्कर्ष खरा असल्यास, गडलिंग यांच्याबरोबरच त्यांच्या संगणकात ज्यांचे कागद होते त्या सर्व पक्षकारांचा बचाव तिसऱ्याच्या नजरेखाली तयार होत होता, असे म्हणावे लागते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ५ मार्च २०२४ रोजी साईबाबा यांना निर्दोष मुक्त केले.

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने या प्रश्नाच्या एका अंगाचा निकाल लावला. कलम १३२ मधील अपवाद वगळता तपास अधिकाऱ्याने पक्षकाराची माहिती मिळविण्यासाठी वकिलाला समन्स काढू नये आणि अपवाद असल्यास पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी मान्यता घ्यावी, असे या निकालाने ठरविले. वकिलाकडील संगणक वा मोबाइल मागवायचा झाल्यास तो न्यायालयापुढेच सादर व्हावा, पक्षकाराचे म्हणणे ऐकले जावे, पक्षकार, वकील आणि त्यांच्या पसंतीचा तंत्रज्ञ यांच्या उपस्थितीतच तो उघडावा व इतर पक्षकारांची गोपनीयता जपावी, असेही त्यात सांगितले आहे. हे निर्देश समोरून येणाऱ्या तपासाला लागू पडतात. चोरून शिरणारी प्रणाली न्यायालयाची परवानगी मागत नाही.

उरलेली जबाबदारी वकिलाची आहे. मराठी जबाबांचे इंग्रजी भाषांतर करून घेण्यासाठी ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एखाद्या मोफत सेवेत टाकणे म्हणजे पक्षकाराचे कागद एका परक्या कंपनीच्या हवाली करणे होय, आणि त्याला पक्षकाराची संमती हवी. अनोळखी ईमेलची जोडपत्रे न उघडणे, खटल्याच्या कामाचा संगणक वेगळा ठेवणे, तो कूटबद्ध करणे आणि झेरॉक्स सेंटरमधील प्रत समक्ष पुसून घेणे यांस फारसा खर्च येत नाही. वकीलपत्रावर सही किंवा अंगठा घेतानाच, कागद कोणत्या मार्गाने जातील आणि कोणाच्या हाती पडू शकतील, हे दुभाष्यामार्फत माडियात वा गोंडीत समजावून दिले, तरच पक्षकाराच्या संमतीला कायद्याला अपेक्षित असलेला अर्थ प्राप्त होईल.