लेकराला बांधायचे कापड



यवतमाळ जिल्ह्यात कापूस पिकतो, हे सांगायला कोणी रेडिओवर यायला नको. कापूस कसा आहे हे बोंड हातात घेताच सांगणारी माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत. पण त्याच कापसाचे कोणते कापड लेकराला अंगाशी बांधायला घ्यावे, याचा विचार आपण कितीसा करतो? हाती येईल ते जुने लुगडे घ्यावे, फाडावे, गाठ मारावी आणि कामाला लागावे, अशीच बहुतेक घरांतली रीत. तेव्हा आज त्या कापडाविषयीच चार गोष्टी बोलू.

तुम्ही म्हणाल, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? तर एक हकीकत ऐका. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरी १९७८ साली एका इस्पितळात कमी दिवसांची, कमी वजनाची मुले ठेवायला उबेच्या पेट्या पुरेनात. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मुले आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. मुले जगू लागली. पुढे पाच देशांत याचा पडताळा घेण्यात आला. त्यांत आपल्या दिल्लीचे सफदरजंग इस्पितळही होते. जन्मल्याबरोबर आईच्या अंगाशी ठेवलेल्या अशा बाळांतले मृत्यू सुमारे पंचवीस टक्क्यांनी घटले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. तिकडे जर्मनीत मेक्सिकोच्या बायकांचे पाहून १९७२ पासून लेकरे बांधायची कापडे मुद्दाम विणून विकली जाऊ लागली. आज ती चांगल्या किमतीला जातात. आपल्याकडे मात्र ही विद्या आजीच्या हातात आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत होऊ नये.

आता कापड निवडू या. पहिली गोष्ट सुताची. कापड निव्वळ सुती असावे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. नायलॉन किंवा टेरिकॉट घाम शोषत नाही, लेकरू आत उकडून निघते. शिवाय ते कापड गुळगुळीत. त्याची गाठ हळूहळू सरकते आणि आपल्याला कळतही नाही.

दुसरी गोष्ट विणीची. साध्या विणीत आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून जातो आणि पुढच्याच्या खालून निघतो. मांजरपाट असा असतो. तिरक्या विणीत धागा दोन-तीन धागे ओलांडून जातो आणि दर ओळीत एकेक घर सरकतो, म्हणून कापडावर तिरप्या रेघा उमटतात. जीनच्या पँटचे कापड जवळून पाहा, म्हणजे ध्यानात येईल. ते कापड विणणारा कारखाना आपल्या यवतमाळातच उभा राहिला. जीन लेकरासाठी फार जाड, ते घेऊ नका. पण तिरकी वीण मात्र ओळखायला शिका. असे कापड कर्णात थोडे ताणते, अंगाला धरून बसते आणि खांद्यात रुतत नाही. परीक्षा सोपी आहे. समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. कापड किंचित ताणून परत जागेवर आले पाहिजे. मग लांबीत ओढा. तिथे ते ताणता कामा नये.

तिरक्या विणीचे कापड मिळाले नाही म्हणून अडून बसायचे कारण नाही. नागपूर-उमरेडकडच्या कोष्टी विणकरांच्या सुती लुगड्यांसारखे घट्ट विणीचे लुगडे किंवा मध्यम जाडीची खादीही चालते. लुगडे नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर. त्यातले पाच वार काढले की साडेचार मीटरचे कापड झाले. अंगाभोवती फिरवून गाठ मारायला तेवढे पुरते. रुंदी इतकी हवी की लेकराच्या एका गुडघ्याच्या खोबणीपासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत बैठक भरून राहावी आणि वर मानेपर्यंत आधार मिळावा.

तिसरी गोष्ट जुनेपणाची. जुने कापड मऊ, हे खरे. पण मऊ आणि विरलेले यांत फरक आहे. उन्हासमोर धरून पाहा. जिथे जाळीसारखा उजेड दिसतो, तिथे ते केव्हा फाटेल याचा नेम नाही. तो भाग पुसण्याला ठेवा; लेकराला तोलण्याला नको.

चौथी गोष्ट मी हात जोडून सांगतो. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसे दगावली. फवारणीच्या वेळी अंगावर असलेले, पंपाजवळ पडलेले कापड लेकराच्या जवळपासही आणू नका. धुतले म्हणजे विष गेलेच, असे समजू नका. लेकरू बोट चोखते, तसेच कापडही चोखते.

कापड चांगले, पण बांधणी वाईट, तर काय उपयोग? लेकराचे गुडघे बुडापेक्षा थोडे वर आणि मांड्या फाकलेल्या असाव्यात, बेडकासारख्या म्हणा ना. पाय सरळ करून आवळून बांधले तर खुब्याचा सांधा जागेवर नीट बसत नाही. तोंड उघडे आणि आपल्या नजरेसमोर असावे, मान वाकवली की पापा घेता यावा. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये दोन बोटे जागा हवीच. हनुवटी छातीला टेकली की तान्ह्याचा श्वास अडतो आणि ते रडतसुद्धा नाही. २०१० साली अमेरिकेत एका कंपनीच्या दहा लाख झोळ्या याच भीतीने परत मागवल्या गेल्या. मान धरल्याशिवाय लेकरू पाठीवर घेऊ नका. चुलीजवळ किंवा विळ्याच्या कामाला ते अंगावर नकोच.

बाभळीला टांगलेल्या झोळीचेही हेच. मुंग्या आणि विंचू-काट्यापासून ती वाचवते, पण खोल झोळीत लेकरू दुमडते. म्हणून ती पसरट बांधा, सावली कुठे सरकली ते पाहत राहा, आणि मोठ्या पोरांना तिच्यात झोके घेऊ देऊ नका. कापडाचा पीळ गळ्याला बसतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता तुमच्यासाठी. वेचणीच्या दिवसांत हजेरीपटावर ज्या पोरींची नावे कोरी राहतात, त्यांतली एखादी घरी धाकट्याला सांभाळत असते. आईला लेकरू नीट बांधता आले, तर निदान काही दिवस तरी त्या पोरीचे दप्तर खुंटीवरून उतरेल. सगळा भार कापडाने उचलावा, असे मात्र मी म्हणणार नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात, कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असली तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमावे, अशी तरतूद केली गेली. जे सरकारी कामावर योग्य ठरले, ते शेताच्या धुऱ्यावर का होऊ नये? दहा बायका वेचणीला असतील तर एकीने सावलीत बसून लेकरे पाहावी आणि तिची मजुरी सर्वांबरोबर धरावी. गावाने ठरवले तर हे अवघड नाही.

तोवर घरातल्या पेटीतले लुगडे काढा आणि उन्हासमोर धरून पाहा. लेकराचे वजन चार-सहा किलोचे, पण ते ज्या धाग्यावर पेलायचे तो धागा पारखून घेतलेला बरा.