जवळ्याच्या वाटेवरचे वीजकेंद्र

एकलहऱ्याचे शीतकरण मनोरे नाशिककरांच्या रोजच्या नजरेतले. टर्बाइन फिरवून आलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करावे लागते. त्या कामात तापलेले पाणी मनोऱ्यात निवते आणि परत वापरात येते. किनाऱ्यावरची रीत वेगळी. समुद्राचे पाणी एकीकडून ओढायचे, कंडेन्सरच्या नळ्यांतून फिरवायचे आणि तापले की दुसरीकडून समुद्रात सोडायचे. 1969 साली सुरू झालेले तारापूरचे अणुवीज केंद्र याच रीतीचे.

तारापूरची तिसरी आणि चौथी अणुभट्टी प्रत्येकी 540 मेगावॉटची. अशा केंद्रात उष्णतेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाची वीज होते, उरलेली उष्णता पाण्याबरोबर जाते. पाणी सात अंशांनी तापू द्यायचे ठरवले, तर एका भट्टीला सेकंदाला साधारण 40 हजार लिटर लागतात. राजापूर तालुक्यातला नियोजित जैतापूर प्रकल्प 9,900 मेगावॉटचा. त्याची गरज दिवसाला सुमारे 5,200 कोटी लिटर. काठोकाठ भरलेले गंगापूर धरण तीन-सव्वातीन दिवसांत रिते व्हावे, एवढी!

या पाण्यात जीव असतात. पालघरच्या कोळणी उन्हात वाळवतात तो जवळा जिवंत असताना जवळजवळ पारदर्शक असतो: दोन ते चार सेंटिमीटरचे अंग आणि डोळ्यांचे दोन काळे ठिपके. त्याची अंडी तर नुसत्या नजरेला दिसतही नाहीत. कोळंबी, खेकडे, कालवे यांच्या अळ्या आणि माशांची अंडी त्याच पाण्यात तरंगतात. प्रवाहाविरुद्ध जाण्याचे बळ त्यांच्यात नसते.

पंपाच्या तोंडाशी जाळी असते. मासे तिच्यावर आपटून चिकटतात, सूक्ष्म जीव आरपार जातात. पुढे पंपाची पाती, बदलता दाब, काही क्षणांत चढणारी उष्णता आणि क्लोरीन. नळ्यांत शिंपले आणि बार्नॅकल धरू नयेत म्हणून क्लोरीन सोडतात. पण ते जवळ्याच्या पिल्लाला वगळत नाही. काही जीव यातूनही वाचतात. मात्र उन्हाळ्यात आपला समुद्र मुळातच 30 अंशांच्या आसपास असतो. इथल्या अनेक जिवांना त्यापुढे फारशी सवड उरत नाही.

आपला नियम मुख्यतः बाहेर पडणारे पाणी मोजतो. जून 1999 नंतरच्या, समुद्राचे पाणी वापरणाऱ्या औष्णिक केंद्रांना सात अंशांच्या तापमानवाढीची मर्यादा आहे. ती आवश्यकच. पण हीच वाढ पाच अंशांवर आणायची, तर चाळीस टक्के जास्त पाणी ओढावे लागते आणि तितक्याच जास्त अळ्या आत जातात. एका दारावरचा पहारा वाढवला की दुसऱ्या दारातून नुकसान वाढते.

अमेरिकेच्या 1972 च्या जलकायद्याने पाणी ओढण्याच्या तोंडाकडेही लक्ष दिले. कॅलिफोर्नियाने 2010 मध्ये एकदाच वापरून सोडण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे धोरण स्वीकारले. उपाय माहीत आहेत: खाडीच्या मुखापासून दूर, खोल पाण्यातले तोंड, ओढीचा मंद वेग, बारीक जाळ्या, आणि शक्य तिथे मनोरे. मनोऱ्यांचा खर्च जास्त, खाऱ्या तुषारांचा त्रासही असतो. पण समुद्रातून ओढायचे पाणी खूपच घटते.

जैतापूर प्रकल्पाजवळच्या साखरीनाट्याचे मच्छीमार गरम पाण्याबद्दल विचारत आले आहेत. त्यांच्या प्रश्नाला निम्मे उत्तर तापमापक देईल. उरलेल्या निम्म्यासाठी भट्टी सुरू होण्याआधी बाराही महिने, भरती-ओहोटीला, पाणी ओढण्याच्या जागी अंडी आणि अळ्या मोजल्या पाहिजेत, आणि ते आकडे मराठीत मच्छीमार सोसायट्यांच्या हाती दिले पाहिजेत.