नवउद्योगाचे बोधचिन्ह : निवड आणि जबाबदारी

(पेडणे व डिचोली तालुक्यांतील नवउद्योजक, शिक्षक आणि ग्रामस्थ यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पेडणे आणि डिचोली हे उत्तर गोव्यातील दोन तालुके गेल्या काही वर्षांत मोठ्या स्थित्यंतरातून गेले आहेत. डिचोलीतील लोहखनिजाच्या खाणी २०१२ साली बंद पडल्या. मध्यंतरी काही खाणी सुरू झाल्या, परंतु २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. पुढे लिलावाने काही पट्टे दिले गेले असले, तरी केवळ खाणीवर संसार उभा करणे धोक्याचे आहे, हा धडा अनेक कुटुंबांना मिळाला. दुसरीकडे पेडण्यात मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली आणि देशोदेशीचा ग्राहक गावाच्या वेशीपर्यंत आला. अशा वेळी मिरची, काजू, खाजे, मातीची भांडी यांसारख्या वस्तूंचा लहान उद्योग सुरू करू पाहणाऱ्या तरुणांपुढे व महिला बचत गटांपुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांपैकी एक म्हणजे उद्योगाचे बोधचिन्ह कोणते असावे हा होय.

बोधचिन्ह म्हणजे केवळ शोभेचे चित्र नव्हे. माल कोणाचा आहे आणि त्याच्या गुणवत्तेबद्दल कोण उत्तरदायी आहे, हे सांगणारी ती खूण आहे. ही कल्पना या भूमीला नवी नाही. गोव्याच्या कदंब राजांच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंहाची आकृती असे आणि जयकेशीच्या नाण्यांवरील लेखात सप्तकोटीश्वराचा उल्लेख आढळतो. नाणे हाती घेणाऱ्यास राजा प्रत्यक्ष दिसत नसे. सिंहाच्या मुद्रेवरून त्यास नाण्याची ओळख पटे. तोच सिंह पुढे १९८० साली स्थापन झालेल्या कदंब परिवहन महामंडळाने आपल्या चिन्हात घेतला. एक सुटसुटीत आकृती शतकानुशतके लोकांच्या ओळखीची राहू शकते, याचे हे घरचेच उदाहरण आहे.

गावाचे नाव सर्वांचे

बोधचिन्ह निवडताना पहिला मोह होतो तो गावाच्या नावाचा. पेडणे तालुक्यातील हरमल मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच सुमारास गोव्याच्या खाज्यालाही ते लाभले. फेणीला हा मान २००९ साली, तर मानकुराद आंब्याला २०२३ साली मिळाला. हे मानांकन एका व्यक्तीची मालमत्ता नसते. त्या प्रदेशात ती वस्तू खरोखर पिकविणाऱ्या वा तयार करणाऱ्या सर्वांसाठी ते असते. १९९९ च्या कायद्यानुसार ते विकता येत नाही वा दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही. पात्र उत्पादकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद मात्र करून घेता येते.

यास्तव एखाद्या होतकरू उद्योजकाने ‘हरमल’ हा शब्दच आपले व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवावा असे म्हटले, तर ते कायद्याच्या चौकटीत बसणे कठीण आहे. मालाचे केवळ मूळ ठिकाण सांगणाऱ्या शब्दाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी सहसा होत नाही. कायदा बाजूला ठेवला, तरी ते न्याय्यही ठरणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या शेतकऱ्यांनी बी राखले, त्यांच्याच मिरचीला त्यांच्याच गावाचे नाव लावता येऊ नये, ही स्थिती कोणास मान्य होईल? शिवाय बाहेरची मिरची त्याच नावाने खपविली जाऊ लागली, तर एकाच्या हव्यासाने साऱ्या गावाची पत जाईल. म्हणून गावाचे नाव मालाचे मूळ सांगण्यासाठी लिहावे; बोधचिन्ह मात्र स्वतःचे, वेगळे असावे.

श्रद्धेची व राष्ट्राची चिन्हे

दुसरा मोह श्रद्धास्थानांचा. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला. त्यामुळे महाराजांचे चित्र पुडीवर छापावे, असे कोणास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु १९५० च्या चिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार महाराजांचे नाव वा चित्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरता येत नाही. राष्ट्रध्वज आणि अशोकस्तंभाचे सिंह यांनाही कायद्याचे संरक्षण आहे. कोणत्याही समाजाच्या धर्मभावना दुखावणारे चिन्ह नोंदले जात नाही. ‘रामायण’ हा शब्द उदबत्तीसाठी एका व्यापाऱ्याला राखून देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. शिवाय देवाचे चित्र असलेली पुडी रिकामी झाल्यावर कोठे पडते, याचाही विचार व्हावा.

आकृती कशी असावी

मग उरते काय? पुष्कळ काही उरते. कुंभाराच्या चाकाची गती, काजूच्या बोंडाचा बाक, गोव्याच्या जुन्या देवळांच्या भिंतींवरील कावी कलेचा तांबडा-पांढरा मेळ, यांतून चित्रकाराला नवी आकृती घडविता येईल. मात्र मिरचीच्या पुडीवर नुसती मिरची काढल्याने एक उद्योग दुसऱ्यापासून वेगळा दिसत नाही.

आकृतीची परीक्षा सोपी आहे. ती एकाच रंगात छापून पाहावी, कारण गोणपाटावर उमटविण्याच्या शिक्क्याला एकच रंग असतो. ती अंगठ्याच्या नखाएवढी करून पाहावी. देवनागरीतील मात्रा, अनुस्वार व जोडाक्षरे लहान आकारात बुजून जातात. माल बाहेरच्या ग्राहकाकडे जाणार असेल, तर नाव देवनागरी व रोमन या दोन्ही लिप्यांत सहज वाचता येते का, हे पाहावे. शेवटी ती आकृती शाळेतील मुलांना क्षणभर दाखवून मागाहून आठवणीने काढावयास सांगावे. बहुतेकांना ती काढता आली, तर निवड योग्य झाली असे समजावे. या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल.

नोंदणी

चिन्ह छापण्यापूर्वी व्यापारचिन्ह नोंदवहीत तत्सम चिन्ह आधीच आहे का, याचा शोध घ्यावा. हा शोध संगणकावर विनामूल्य घेता येतो. वस्तू व सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले व मिठाई ३० व्या, तर मातीची भांडी २१ व्या वर्गात येतात. गोव्यातील अर्ज मुंबई येथील कार्यालयाच्या कक्षेत येतात. व्यक्ती, मान्यताप्राप्त स्टार्टअप व लघुउद्योग यांना संगणकीय अर्जासाठी प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये, तर इतरांना ९,००० रुपये शुल्क आहे. अर्ज स्वीकारला गेल्यावर तो नियतकालिकात प्रसिद्ध होतो आणि हरकतींसाठी ४ महिने दिले जातात. नोंदणी १० वर्षे टिकते व नूतनीकरण करता येते. नोंदणी होण्यापूर्वी वर्तुळातील ‘आर’ हे अक्षर छापण्यास कायद्याने मनाई आहे. आकृती चित्रकाराकडून करवून घेतली असल्यास तिचे हक्क त्यास योग्य मोबदला देऊन लेखी स्वरूपात आपल्या नावे करून घ्यावेत.

पंचायतींनी व तालुका पातळीवरील अधिकाऱ्यांनी या दोन्ही वाटा, म्हणजे स्वतःचे व्यापारचिन्ह आणि सर्वांचे भौगोलिक मानांकन, ग्रामस्थांना एकत्रच समजावून सांगाव्यात. एकीमुळे उद्योजकाची मेहनत सुरक्षित राहते, तर दुसरीमुळे गावाचे नाव. बोधचिन्हाला किंमत येते ती मात्र पुडीच्या आतील मालामुळेच. पहिल्या पुडीतील मिरची आणि हजाराव्या पुडीतील मिरची सारख्याच गुणाची निघाली, तर त्या लहानशा आकृतीवर ग्राहकाचा विश्वास बसेल आणि पेडणे-डिचोलीच्या तरुणांना आपल्याच गावात मानाने उभे राहता येईल.